सुई कुणाच्या बोटात जाते? पुण्यातल्या सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
पुणे शहरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था,

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबरच्या आत आपल्याला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. विषयपत्रिका बहुतेक ठरलेली असते: मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, लिफ्ट, गच्चीची गळती आणि पार्किंगची भांडणं. यंदा त्यात आणखी एक विषय घाला, घरचा कचरा वेगळा देण्याचा आणि तो नेणाऱ्या बायकांचा, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी एकतीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत राहते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातला एक सोमवार होता, म्हणजे घरोघरी दोन दिवसांचा कचरा साठलेला. आमच्या इमारतीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताई जिन्याखाली बसून बादल्या रिकाम्या करत होत्या. मी दूध घेऊन वर निघाले होते. त्यांनी एकदम हात मागे घेतला, बोट तोंडात घातलं आणि पुन्हा कामाला लागल्या. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काय न्हाय मॅडम, टोचलं कायतरी." मी ती पिशवी उपसली. डाळ-भात, चहाचा चोथा, कांद्याची सालं आणि त्यात इन्सुलिनच्या पेनाची सुई. चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक, टोपण निघालेली.

साबण लावून वाहत्या नळाखाली बोट धुवायला लावलं, त्यांना रिक्षात बसवलं आणि रुग्णालयात नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, रक्त तपासायला दिलं. सुई कुणाची ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून डॉक्टरांनी एचआयव्हीपासून बचावाच्या २८ दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या, ७२ तास उलटले की त्यांचा भरवसा नाही. मला त्याहून जास्त काळजी हिपॅटायटिस बी ची होती. तो विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा आठवडाभर तग धरू शकतो, आणि ताईंनी त्याची लस कधी घेतलेलीच नव्हती. वीस वर्षं आमचा कचरा हातांनी निवडणाऱ्या बाईला ही लस द्यावी, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. मीही त्यातच आले.

गोळ्यांनी त्यांना मळमळायचं. तीन दिवस त्या येऊ शकल्या नाहीत, जाऊबाईंना पाठवलं. शेवटचा रिपोर्ट स्वच्छ यायला सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत त्यांनी घरात स्वतःचं ताट-वाटी वेगळी ठेवली होती. नातू लहान आहे, त्याला काही होऊ नये म्हणून. ताटामुळे हा आजार लागत नाही असं मी दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि ताट वेगळंच ठेवलं.

आता जे सांगायचं ते सांगते. माझे यजमान बारा वर्षं इन्सुलिन घेतात. दिवसाला चार सुया. त्या कुठे जायच्या? स्वयंपाकघरातल्या डब्यात. आमच्या इमारतीत इन्सुलिन घेणारी माझ्या माहितीत पाच घरं आहेत. त्या दिवशीची सुई आमची नव्हती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी कोण? जिने नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवलं की सुई उघडी टाकायची नाही. रुग्णालयात हा कचरा रंगांनी ओळखतात. रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात, आणि सुई मात्र पांढऱ्या, आरपार न टोचणाऱ्या डब्यात. तो पांढरा डबा ड्रेसिंग ट्रॉलीवर हाताच्या अंतरावरच असायचा. चुकायला वावच नव्हता. तीच सुई घरी आली की आम्ही ती डाळ-भातात टाकतो. सुई तीच, रक्त तेच. फक्त ती आता माझ्या बोटात जाणार नसते, दुसऱ्या कुणाच्या तरी बोटात जाणार असते.

हे घडलं ते माहिती नव्हती म्हणून नव्हे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घराघरांवर जबाबदारी टाकली: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा, वापरलेले पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे. मला हे ठाऊक होतं, तुमच्यातल्या बहुतेकांनाही ठाऊक आहे. माझ्या ओट्याजवळ पांढरा डबा नव्हता, एवढंच कमी होतं. म्हणून आपल्या नोटीस बोर्डावर चिकटवलेल्या 'ओला-सुका वेगळा करा'च्या कागदांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. सवय बदलायची तर वस्तूची जागा बदलावी लागते, आणि ज्याला त्रास होतो त्याचं तोंड एकदा तरी बघावं लागतं.

ते मी नंतर बघितलं. ताई जिथे निवडायला बसतात तिथे एक दिवस सकाळी नऊपासून दुपारपर्यंत त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं काम बोटांचं आणि कानांचं आहे. प्लास्टिकची पिशवी मुठीत चुरगाळून ती आवाजावर ओळखतात, कोणती विकली जाईल आणि कोणती नाही ते. हातमोजे दिले तरी त्या घालत नाहीत अशी तक्रार मी कमिटीत ऐकली होती. जाड मोजे घातले की बोटांना काही कळत नाही, आत घाम येतो, ओल्या कचऱ्यात ते घसरतात, आणि सुई तर त्यातूनही जाते. पुठ्ठ्याचं एक चांगलं मोठं खोकं निघालं, पण कुणीतरी त्यात आमटी ओतली होती. ताईंनी ते उचललं, वास घेतला आणि बाजूला फेकलं. भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. तिथेच मला आपल्या सिंकपाशी वाचवलेल्या दोन मिनिटांची किंमत कळली. ती दोन मिनिटं त्यांच्या कमाईतून वजा होतात. घरटी मिळणारं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, याच दोन गोष्टींवर त्यांचं घर चालतं. दुधाची पिशवी विसळून उलटी टांगली तर ती त्यांची मिळकत असते, आणि तशीच डब्यात कोंबली तर दोन दिवसांत तिचा वास सुटतो.

त्या दिवशी पॅड किती निघाले ते मी मोजले नाहीत, मोजवले नाहीत. काही उघडे होते, काही जेवणात मिसळलेले, काही काळ्या पिशवीच्या आत आणखी एका काळ्या पिशवीत गाठ मारून लपवलेले. आत काय आहे ते कळत नाही म्हणून ती गाठ ताईंना हातानेच सोडावी लागते. आपण लाजेपायी जे लपवतो, ते त्या रोज उघडतात.

याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण सभेत कुणी बोलणार नाही. घरातली मुलगी पॅड ओल्या कचऱ्यात खाली दाबून टाकते, कारण वर दिसला तर वडील, भाऊ, सासरे यांच्यासमोर तिला संकोच वाटतो. पॅड ओल्यात गेला की ओला कचरा खताच्या कामाचा राहत नाही, आणि पॅडमध्ये तर बहुतांश प्लास्टिकच असतं. एका घरातलं अवघडलेपण असं खताच्या ड्रमपर्यंत आणि दुसऱ्या बाईच्या हातापर्यंत पोचतं. वयस्कांच्या डायपरचंही तसंच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करून दमलेल्या सुनेला 'नीट गुंडाळ' असं वरून सांगायचं माझ्याने होत नाही. पण कागद आणि पेन तिच्या हाताशी ठेवता येतात.

पुण्यातल्या कचरावेचकांनी यासाठी आधीच बरंच केलं आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा गोळा करायचं काम सुरू झालं. त्याआधी यातल्या कितीतरी जणी रस्त्यावरच्या कुंड्या उपसून पोट भरत होत्या. बहुतेक जणी दलित समाजातल्या, आणि बायकाच जास्त. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली होती. नंतर लाल ठिपक्याची मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की हे उघडायचं नाही. याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. तरी आमच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वीपर्यंत लाल ठिपका काढणारं एकच घर होतं. ते माझं नव्हतं.

हा प्रश्न जिन्याखाली संपत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात गेला. विहिरींचं पाणी वापरण्यासारखं राहिलं नाही, माश्यांनी घरं भरली. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि जवळपास तीन आठवडे शहरात ढीग साचले. तेव्हा आपण वैतागलो होतो ते नाकाला रुमाल लावून, तेही तीन आठवडेच. ढिगाखाली ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो, तो पेट घेतो आणि प्लास्टिकसकट सगळं धुमसत राहतं. हा वायू पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे भाजीचे देठ वेगळ्या बादलीत टाकले, तर फुरसुंगीतल्या म्हातारीचा दमा, ताईंच्या बोटांना पडणाऱ्या चिरा आणि तापत चाललेली हवा, या तिन्हींना त्याचा उपयोग होतो. तीन वेगळ्या मोहिमा काढायची गरज नाही.

सभेत काय आक्षेप येतील ते मला पाठ आहेत, कारण आमच्याकडे ते सगळे आले. पहिला: "आपण वेगळं देतो, पुढे गाडीत सगळं एकत्रच करतात." कुठे करत असतील तर तक्रार करा, मीही सही देईन. पण गाडीत चढण्याआधी ताईंचा हात त्यातून गेलेला असतो आणि विकण्याजोगं त्यांनी काढून घेतलेलं असतं. पुढे काहीही होवो, तेवढं काम झालेलं असतं. दुसरा: "पैसे देतो ना?" महिन्याला एका पिझ्झाइतकेही नाहीत, आणि ते कचरा नेण्याचे आहेत, सुई टोचून घेण्याचे नाहीत. तिसरा: "एवढ्यासाठी मशीन आणा, जाळून टाका." ओलं अन्न जाळायला आधी त्यातलं पाणी जाळावं लागतं. आणि प्लास्टिक जाळलं की जे निघतं ते आपल्याच खिडकीतून आत येतं. थंडीत वॉचमन कोपऱ्यात पाला आणि प्लास्टिक पेटवतो, तेव्हा बालदम्याची मुलं किती खोकतात ते त्यांच्या आयांना माहीत आहे.

आता आमच्याकडे काय चाललं आणि काय नाही ते सांगते.

दंड चालला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मिश्र कचऱ्याचा फोटो आणि फ्लॅट नंबर टाकायला सुरुवात केली, तर आठ दिवसांत दोन घरांचं बोलणं बंद झालं आणि कचरा तसाच राहिला. मला त्या फोटोंची आजही लाज वाटते.

चाललं ते हे. आम्ही तिघी-चौघी दर रविवारी एकेक मजला फिरलो. चहा झाला तर चहा, नाहीतर दारातच. हातात दोन बादल्या, एक रिकामी जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली आणि रद्दीच्या कागदाच्या पुड्या. पुड्या आम्हालाच कराव्या लागल्या, कारण निम्म्या घरांत आता पेपर येत नाही. 'कागदात गुंडाळा' म्हणणं सोपं, पण कागद कुठाय? न्हाणीघरात खिळ्याला पुड्यांची पिशवी लावली आणि सुतळीने लाल पेन बांधलं. ज्या घरांत पेन बांधलं तिथे ठिपका आला. ज्या घरांत 'ठेवते मी नंतर' म्हणाल्या, तिथे बहुतेक नाही आला. इन्सुलिनवाल्या पाचही घरांत बाटली दिली, वर मार्करने 'सुया' लिहिलं. पाऊण भरली की झाकण घट्ट लावायचं आणि वेगळी द्यायची. आम्ही त्या बाटल्या एकत्र करून ओळखीच्या एका दवाखान्यात नेऊन देतो, त्यांच्या पांढऱ्या डब्याबरोबर त्या जातात. दाढीची ब्लेडं, फुटलेली काच आणि बल्ब यांसाठी वेगळं खोकं आहे.

एक चूक मात्र आम्ही तीन महिने केली. घरात कचरा बाहेर ठेवतं कोण? बऱ्याच घरांत कामाला येणाऱ्या मावशी. आम्ही सगळं मालकिणींना समजावलं, मावशींना कुणीच काही सांगितलं नाही. त्यांना एका दुपारी बोलावलं तेव्हा पंधरा मिनिटांत विषय कळला. त्यातल्या एकीची बहीण स्वतः कचरा वेचते. नंतर एका मालकिणीलाच तिने ऐकवलं म्हणे, "ताई, हे असं नका देऊ, हात घालावा लागतो त्यांना." भाडेकरू मुलांचंही तसंच. करारावर सही करायला येतात त्या दिवशीच बादल्या दाखवल्या तर ती मुलं आमच्यापेक्षा नीट करतात.

ओल्या कचऱ्याचे ड्रम आम्ही मागच्या बाजूला ठेवले. सुरुवातीला वास आला आणि ओरड झाली. वाळला पाला कमी पडत होता, थर वाढवले आणि वास गेला. गांडूळखतासारख्या प्रकल्पांसाठी महापालिका मिळकतकरात सवलत देते. तुमच्यापैकी काहींनी त्या सवलतीसाठी खड्डे बांधलेही आहेत आणि ते झाकून ठेवले आहेत. कृपा करून ते उघडा. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरोघरी कचरा वेगळा करायला लावून कचरा डेपोची जागा लोक बघायला येतील अशी केली. आपल्याकडे तर सहकारी संस्था आहे, कमिटी आहे, वर्गणी आहे.

आणखी एक गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. तुमच्या इमारतीत कचरा नेणाऱ्या बाईला लिफ्ट वापरायला परवानगी आहे का? ती सकाळी सातपासून घराबाहेर असते, तिला संडासला जायला जागा आहे का? पावसात निवडायला तिला छप्पर आहे का? आमच्याकडे तिन्हींचं उत्तर 'नाही' असं होतं. वॉचमनच्या संडासाची एक किल्ली त्यांच्याकडे द्यायला कमिटीला एक मिनिट लागलं. त्या एका मिनिटापर्यंत पोचायला आम्हाला वीस वर्षं लागली.

ताईंची हिपॅटायटिस बी ची लस आता पूर्ण झाली आहे: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. खर्च सोसायटीने केला. शेजारच्या दोन इमारतींच्या बायकांचा खर्चही त्यांच्या कमिट्यांनी उचलला. तुम्हीही उचला.

सभेची नोटीस १४ दिवस आधी काढावी लागते. त्यात उतरवून घ्यायला सोपं जावं म्हणून विषय इथेच लिहून देते:

"कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा देणे, पॅड व डायपर कागदात गुंडाळून लाल ठिपक्यासह देणे, सुया बंद बाटलीत देणे, यासाठी प्रत्येक घरात साहित्य पुरवणे, तसेच कचरा संकलन करणाऱ्या सेविकांना लस, स्वच्छतागृह, लिफ्ट व निवाऱ्याची जागा देणे, याबाबत चर्चा करून ठराव संमत करणे. या विषयापुरते त्यांना सभेत निमंत्रित करणे."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यांना खुर्ची द्या, मागे उभं ठेवू नका, आणि आधी त्यांनाच बोलू द्या. आमच्या सभेत ताई चार वाक्यं बोलल्या आणि पार्किंगवाल्यांनीसुद्धा त्या वेळी मान खाली घातली होती.

शनिवार-रविवारी दुपारी मी रिकामी असते. बाटली, पुड्या आणि लाल पेन घेऊन कुठल्याही सोसायटीत यायला तयार आहे.

आपली,
सिंहगड रोडवरची एक निवृत्त परिचारिका